चौगुलेचाचांचा हरलेला डाव

इब्राहिम चौगुले कुणालाही मुद्दाम जिंकू देत नसत. समोर शाळेतलं पोर असो, नाहीतर एखाद्या बँकेचा मोठा साहेब असो, ते सारख्याच निष्ठुरपणे खेळायचे आणि बहुतेक वेळा जिंकायचे. जिंकले की दोन्ही तळवे टेबलावर आपटून "खलास!" म्हणायचे आणि लगेच खिशातली डबी काढून हरलेल्याच्या हातावर खजूर ठेवायचे. हरलेलं माणूस रागावलेलं असलं तरी खजूर खाताना त्याला बोलता यायचं नाही. तेवढ्या वेळात चाचांनी नवा डाव मांडलेला असायचा.

बहरीनला आल्यावर मला पहिली नोकरी लागली ती अदलियातल्या एका बंगल्यात. बंगला एका वयस्कर बहरीनी डॉक्टरांचा. ते तरुणपणी अमेरिकेत शिकायला गेले होते. तिथल्या म्हाताऱ्या घरमालकिणीने माळा साफ करताना सापडलेला एक जुना बैठा खेळ त्यांना दिला, आणि त्यांना नाद लागला तो कायमचा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे अमेरिकन पट, पत्ते, लाकडी सोंगट्या, रंगीत चित्रांच्या झाकणांचे खोके त्यांनी आयुष्यभर गोळा केले आणि म्हातारपणी बंगल्याच्या तळमजल्यावर त्यांचं छोटं संग्रहालय केलं. माझं काम वस्तूंच्या नोंदी ठेवायचं आणि खोल्यांमधला दमटपणा तपासायचं. इथल्या उन्हाळ्यात भिंतींनाही घाम येतो. जुन्या पुठ्ठ्याची काय कथा!

खरे खेळ काचेमागे असत. त्यांच्या हुबेहूब नकला बाहेर टेबलांवर मांडलेल्या असत आणि त्या टेबलांवर चौगुलेचाचांचं राज्य होतं. आलेल्या माणसाला बसवायचं, खेळ समजावून सांगायचा आणि त्याच्याशी खेळायचं, हीच त्यांची नोकरी. त्याआधी सगळी हयात ते इथल्याच एका शाळेत गणित शिकवत होते. निवृत्त झाल्यावर सहज संग्रहालय बघायला आले, डॉक्टरांशी एक डाव खेळले, डॉक्टरांना हरवलं, आणि पुढच्या आठवड्यात कामावर रुजू झाले.

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "गाव कुठलं गो?"

"भुसावळ."

"म्हंजे आमच्या दाभोळ खाडीपासून लई लांब. चालेल. मराठी बोलतेस ना? बस झालं." मग जरा थांबून म्हणाले, "आडनावावरून वाटतं, तुला जय भीम म्हणायला हवं."

मी म्हटलं, "जय भीम, चाचा."

त्या दिवसापासून रोज सकाळी ते मला जय भीम म्हणायचे आणि मी त्यांना सलाम. आमच्या भीमजयंतीला ते बायकोला, झुबेदाचाचीला, घेऊन यायचे. चाची मोठ्या डब्यातून सांदणं आणायची आणि आमच्या बायका भाषणं सोडून तिच्याभोवती जमायच्या.

काचेमागच्या पटांमधला एक चाचांचा विशेष लाडका होता. त्यावर पाळण्यापासून म्हातारपणापर्यंतचा रस्ता काढलेला होता आणि वाटेत शाळा, आळस, मेहनत, तुरुंग, लग्न अशी घरं होती. त्या खेळात फासे नसत. फाशाऐवजी आकडे लिहिलेली एक लाकडी भोवरी फिरवायची. चाचा लोकांना विचारायचे, "फासे का नाहीत, सांगा बघू." कुणालाच सांगता यायचं नाही. मग ते खूश होऊन सांगायचे, की त्या काळच्या अमेरिकेतली धार्मिक माणसं फाशांना जुगार मानायची. घरात फासा दिसला तर बाप मुलाची चामडी लोळवायचा. म्हणून कारखानदारांनी ही भोवरी काढली. राजाराणीचे पत्तेही पापच, म्हणून राजाराणी नसलेले पत्ते निघाले. त्यांवर सुतार, शिंपी, कोळी अशी साधी माणसं.

"आणि आमचे अब्बा!" ते मला मराठीत सांगायचे. "माझ्या दप्तरात पत्ते सापडले तर उचलून खाडीत फेकले. मागोमाग मलाही फेकणार होते. एवढा समुद्र ओलांडून बघितला, तर तिकडच्या म्हाताऱ्यांनाही आमच्या अब्बांसारखाच राग."

ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदा सांगितली ती झुबेदाचाचीला, कारण पत्ते घरात आणायला तिचा सक्त विरोध होता. त्यांचा संसार बुसैतीनमधल्या एका जुन्या इमारतीत, दोन खोल्यांचा. मुलगा कॅनडात. संध्याकाळी करायचं काय, हा प्रश्न होता. चाचांनी युक्ती केली. त्या सुतार-शिंप्यांच्या पत्त्यांवरून त्यांनी जाड कागदाचे नवे पत्ते कापले आणि चाचीच्या ओळखीच्या वस्तू स्वतःच्या हाताने त्यांवर रंगवल्या. चार मासे: सुरमई, बांगडा, पापलेट, हलवा. चार झाडं: आंबा, फणस, काजू, रातांबा. चार नावा: होडी, मचवा, पडाव, गलबत. चाचीचे वडील मचव्यावर तांडेल होते. मचव्याचं चित्र पाहून ती म्हणाली, "शिडाची दोरी चुकली हाय," आणि खेळायला बसली.

खेळ सोपा होता. समोरच्याकडे एकेक पान मागायचं. असेल तर त्याने द्यायचं आणि आपण पुन्हा मागायचं, नसेल तर आपण ढिगातून उचलायचं आणि पाळी त्याची. एका जातीची चारही पानं जमली की तो गट आपला. यात सगळी मदार आठवणीवर. कुणी काय मागितलं आणि कुणी कशाला नाही म्हटलं, हे ध्यानात ठेवायचं. चाचांच्या ध्यानातून काही सुटत नसे. बिचारी चाची रोज हरायची.

"आज पण हरले," असं ती मला फोनवर सांगायची. तक्रार म्हणून नव्हे. आज बांगडे चांगले मिळाले, अशा सुरात.

माझी मुलगी यशोधरा तेव्हा पहिलीत होती. तिला कावीळ झाली आणि ती फार खंगली. बरी झाल्यावर एका शुक्रवारी मी तिला चाचांकडे खेळायला घेऊन गेले. आधीच बाजूला घेऊन त्यांना म्हटलं, "चाचा, आजारातून उठलीय. आज एक डाव तिला जिंकू द्या ना."

त्यांचा चेहरा एकदम शिक्षकाचा झाला. "नाय जमायचं, सुजाता."

"लहान आहे हो ती."

"म्हणून तर. पोरांना सगळं कळतं. मी मुद्दाम हरलो तर ती इचार करील, हा म्हातारा माझी दया का करतोय? माझं काय बिघडलंय? मग तिला वाटेल की ती अजून आजारीच हाय." त्यांनी पानं पिसायला घेतली. "मी तिला हरवलं की तिला कळेल, ती बरी झाली."

त्यांनी तिला हरवलं. यशू भोकाड पसरून रडली, खजूर खाल्ला आणि डोळे पुसत म्हणाली, "अगेन!" चाचा खूश. "बघ, हाय का आजारी?" तिच्या इंग्रजीला ते नेहमी मराठीत उत्तर द्यायचे आणि ती त्यांच्या मराठीला इंग्रजीत. दोघांचं कुठे अडत नसे.

चाची आजारी पडली ती त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. आधी पाठ दुखायची, मग जेवण जाईना. दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टर इंग्रजीत बोलायचे, नर्स केरळच्या हिंदीत. चाचीला इंग्रजी येत नव्हतं आणि ती सगळं चाचांच्या तोंडून ऐकायची. चाचांनी तिला सांगितलं, "गाठ हाय, औषधाने विरघळेल. वेळ लागेल."

मला त्यांनी खरं सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही मागच्या ओट्यावर बसलो होतो. त्यांनी डबा उघडला आणि तसाच बंद केला. "पसरलंय म्हणतात. मुलगा म्हणाला, अम्मीला सांगू नका, ती हाय खाईल. मलाही तेच वाटतं. तू पण बोलू नको."

"आणि तिने विचारलं तर?"

"ती नाय विचारत. माझ्यावर इश्वास हाय तिचा."

तो त्यांच्या घरातला निर्णय होता.

पुढच्या महिन्यात एका शुक्रवारी दुपारी मी बुसैतीनला गेले. माझा नवरा मिलिंद याची सित्र्याच्या कारखान्यात शिफ्ट होती, म्हणून मी एकटीच टॅक्सीने गेले होते. चाची पलंगावर उशीला टेकून बसली होती. तिचे हात इतके बारीक झाले होते की बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. पण हातात पानं होती आणि चाचा समोर खुर्चीवर. मी चहा ठेवायला गेले. स्वयंपाकघराच्या दारातून दोघंही दिसत होती.

चाचीने बांगडा मागितला. चाचांनी मुकाट्याने काढून दिला. तिने होडी मागितली, ती त्यांच्याकडे नव्हती. आता पाळी चाचांची. मासे तिच्या हातात आहेत हे उघडच होतं. माझ्या यशूनेसुद्धा मासा मागितला असता. चाचा म्हणाले, "फणस दे."

चाची त्यांच्याकडे बघत राहिली. "फणस आत्ताच मागितलात. मी नाय म्हटलं."

"हो काय? विसरलो."

"तुम्ही विसरलात?"

चाचा ढिगातून पान उचलायला वाकले. ती म्हणाली, "राहू द्या ते पान. किती दिवस बगतेय मी. रोज मीच जिंकते. लगीन झाल्यापासून तुम्ही मला कधी मुद्दाम जिंकू दिलं नाय. मला त्याचं कधी वाईटपण वाटलं नाय. आता का देताय?"

"नशीब तुझं."

"डॉक्टर काय बोलला?"

"सांगितलं ना, गाठ हाय, औषधाने…"

"ते नको. ते मला पाठ झालंय. इकडं माझ्याकडं बगून सांगा."

चाचांनी मान वर केली नाही. हातातली पानं ते नीट एकसारखी करत राहिले. काठाला काठ जुळवला, पुन्हा विस्कटला, पुन्हा जुळवला. चाचीने बराच वेळ वाट पाहिली. मग आपली पानं तिने चादरीवर उपडी ठेवली आणि म्हणाली, "बरं." मग दाराकडे वळून, "सुजाता, चहा उतू जाईल बग."

मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा ती शांतपणे बोलत होती. "हे तेव्हाच सांगितलं असतंत तर मी गावाला गेले असते. तेव्हा चालत होते मी. हमिदाला भेटले असते. आई-बापाशेजारी पडले असते." हमिदा तिची धाकटी बहीण, गावीच असायची.

"आपण जाऊ," चाचा घाईघाईने म्हणाले. "उद्याच तिकीट काढतो. इंशाल्ला, येत्या आठवड्यात…"

त्यांनी खरोखरच धावपळ केली. पण दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नाही म्हटलं. रक्त कमी झालं होतं, श्वास लागत होता. एकाने नाही म्हटल्यावर दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं, मग तिसऱ्यांना. कुणी तयार होईना. हमिदाचा पासपोर्टच नव्हता. तो काढायला टाकला, पण तो हातात पडायला वेळ होता.

चाचीने पुन्हा कधी दोष दिला नाही. फक्त एक अट घातली. पत्ते हातात घेतले तर नीट खेळायचं. मग ते नीट खेळले. रोज संध्याकाळी ते तिला हरवायचे. ओट्यावर डबा उघडून मला सांगायचे, "काल हरवली तिला. हसली." एवढं बोलून तोंड फिरवायचे. पानं तिच्या बोटांत ठरेनाशी झाली तेव्हा तिची पानं ते तिच्या डोळ्यांसमोर धरायचे, स्वतः मान वळवून. ती हळूच नाव सांगायची आणि ते शोधून द्यायचे. एकदा तिने मचवा मागितला आणि तो त्यांच्याकडे होता. तो हातात दिल्यावर ती बराच वेळ ते चित्र बघत राहिली आणि डाव तिथेच थांबला.

ती गेली तेव्हा हमिदाचा पासपोर्ट आलेला होता, व्हिसा यायचा होता. चाचीला मुहर्रकच्या कब्रस्तानात ठेवलं. मुलगा आला आणि आठवड्याने परत गेला. ते पत्ते नंतर मी कधी पाहिले नाहीत आणि त्यांना विचारलंही नाही.

चाचा पुन्हा कामावर येऊ लागले. खेळ समजावून सांगायचे, खजूर वाटायचे. पण त्यांचा हात टेबलावर आपटेनासा झाला. त्यांच्याबरोबर खेळणाऱ्यांच्या ते लक्षात येत नसे. माझ्या यायचं. शुक्रवारी जुम्म्यानंतर ते कब्रस्तानात जायचे. तिकडच्या कबरी साध्या, मातीच्या, उशाला एक दगड. पाटी नाही, नाव नाही. "चुकत नाय ना, चाचा?" मी एकदा विचारलं. "चाळीस वर्षं तिच्या उजव्या बाजूला झोपलोय," ते म्हणाले. "चुकेन कसा?"

एकदा भरल्या उन्हात ओट्यावर बसून ते म्हणाले, "मी तिला तोंडाने सांगायला पायजे होतं गो. मी घाबरलो. हरलो नि तिला कळलं. आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता." मी म्हटलं, "तुम्ही तिच्या भल्यासाठीच केलंत." मी गणिताचं चुकीचं उत्तर दिल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

वर्षभराने डॉक्टरसाहेबांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. त्यांना चालवत नव्हतं, मुलं परदेशात. त्यांच्यामागे हे सगळं सांभाळणारं कुणी नव्हतं. संग्रह अमेरिकेतल्या एका संग्रहालयाला द्यायचं ठरलं होतं. ते मुद्दाम हिंदीत चाचांना म्हणाले, "चौगुले, ये लोग अपने घर जा रहे हैं. अच्छा है ना?"

"अच्छा है, डॉक्टरसाब," चाचा म्हणाले.

तिकडून एक अमेरिकन बाई आल्या. खेळ नेण्याचंच त्यांचं काम. फार मायेने वागायच्या. प्रत्येक पट हातमोजे घालून उचलायचा, मऊ कागदात गुंडाळायचा, त्याच्या मापाची गादी कापायची, मग पेटीत ठेवायचा. पेट्यांवर बाण काढलेले, ही बाजू वर. विमानात दमटपणा किती राहील याचीही त्यांनी चौकशी केली होती. चाचा आणि मी त्यांना मदत करत होतो. पाळण्यापासून म्हातारपणापर्यंतचा तो पट पेटीत गेला आणि झाकण बसलं. चाचा उठून खिडकीपाशी गेले.

"चाचा?"

"काय नाय." ते बाहेर बघत होते. "कागदाचा खेळ गावी न्यायला माणूस केवढी तयारी करतो बघ. गादी काय, हवा काय." मग माझ्याकडे न वळताच म्हणाले, "माझ्याच्याने एक माणूस नाय नेता आलं."

बाईंनी मला इंग्रजीत विचारलं, त्यांना बरं वाटत नाहीये का? मी म्हटलं, उन्हाचा त्रास होतो त्यांना.

संग्रहालय बंद झालं तसा चाचांचा व्हिसाही संपला. त्यांच्या वयाला दुसरी नोकरी कोण देणार? मुलगा म्हणाला, कॅनडाला या. चाचा म्हणाले, थंडी सोसणार नाही. गावचं घर होतं, हमिदा होती. तिकडेच जायचं ठरलं. त्यांनी भांडी शेजाऱ्यांना दिली, चाचीचे कपडे मशिदीत दिले. निघायच्या दिवशी सकाळी आम्ही त्यांना घ्यायला गेलो तेव्हा त्यांच्याजवळ एक बॅग होती. घर पुसून घेतलेलं होतं.

विमानतळ मुहर्रकलाच, दहा मिनिटांवर. चाचा म्हणाले, "मिलिंद, जरा कब्रस्तानावरून घे बाबा."

मी गाडीतच बसले. मिलिंद फाटकापर्यंत गेला आणि थांबला. चाचा एकटेच आत गेले. वारा होता, बारीक वाळू उडत होती. फाटकातून मला त्यांचा पांढरा सदरा दिसत होता. आधी उभा, मग खाली बसलेला. फार वेळ लागला नाही. परत आले तेव्हा गुडघ्यांना माती होती आणि ती त्यांनी झटकली नाही.

गाडी सुरू झाल्यावर म्हणाले, "सुजाता, आपल्यात निघताना कुणी जातो म्हणत नाय ना? येतो म्हणतात."

"हो, चाचा."

"मी जातो म्हटलं तिला." ते खिडकीबाहेर बघत होते. "येतो म्हणायला तोंड उघडलं होतं. पण आता तिच्याशी खोटं नाय बोलवत."

मिलिंदने एसीचं बटण उगाच फिरवलं.

विमानतळावर त्यांनी आम्हाला आत येऊ दिलं नाही. "शिफ्ट हाय तुझी," मिलिंदला म्हणाले. मला म्हणाले, "यशूला सलाम सांग. मराठीत सांग." ट्रॉलीवर बॅग ठेवली आणि गर्दीतून दाराकडे गेले. सुट्टीवर निघालेले कामगार ब्लँकेटची गाठोडी घेऊन उभे होते. त्यांच्यामधून चाचांचं टक्कल पुढे सरकताना दिसत होतं.

काचेचं मोठं दार आपोआप उघडलं. मला वाटलं, आता मागे वळून हात करतील. त्यांनी ट्रॉली जरा बाजूला ओढली आणि दार अडवल्यासारखे कडेला उभे राहिले, बायको आधी आत जावी म्हणून नवरा थांबतो तसे. दार मिटायला लागलं, त्यांच्यामुळे पुन्हा उघडलं. मागून एक कामगार आला, त्यांना शुक्रिया म्हणून आत गेला. चाचा आणखी थोडा वेळ तिथेच थांबले. मग त्यांनी ट्रॉली सरळ केली आणि आत गेले.